दुपारचं ऊन, पहाटेचं दव : नाशिकच्या बागांचा अनुभव धागा

पाऊस परतला की नाशिकमधले तीन-चार आठवडे बागेसाठी फार महत्त्वाचे असतात. दुपारी पारा तिशीच्या वर आणि पहाटे पानं दवानं ओली. श्रावण-भाद्रपदात लावलेलं सगळं याच दिवसांत एकतर जोम धरतं, नाहीतर डोळ्यांदेखत बसतं. तुमच्या गच्चीवर, अंगणात, बाल्कनीत या हंगामात काय बिघडतं, का बिघडतं आणि कशानं सुधारतं ते इथे लिहा. विनंती एकच, मापं द्या. ‘थोडं निंबोळी तेल’ वाचून कुणाला काही करता येत नाही. लिटरला किती, दिवसाच्या कुठल्या वेळी, पुन्हा किती दिवसांनी, हे हवं. जागाही सांगा, कारण मखमलाबादच्या मळ्याकडचं अंगण आणि कॉलेज रोडची चौथ्या मजल्यावरची बाल्कनी यांचं ऊन-वारं एक नसतं.

इंदिरानगर, गच्ची

जास्वंदीपासून सुरुवात करते, कारण ऑक्टोबरात सर्वांत जास्त प्रश्न तिचेच असतात. शेंडा मुरडलेला, पानं चुरगळल्यासारखी आणि पानांच्या बेचक्यात कापसाचे ठिपके दिसले, की तो पिठ्या ढेकूण. त्याच्या अंगावर मेणचट पूड असते. म्हणून नुसती फवारणी त्याच्यावरून ओघळून जाते आणि लोक म्हणतात, निंबोळी तेलाचा उपयोग होत नाही.

क्रम असा ठेवा. मुरडलेला शेंडा चार बोटं खालून कापा, पिशवीत गाठ मारून कचऱ्यात टाका. कंपोस्टमध्ये नको. मग पाण्याच्या जोरदार धारेनं बेचके धुवा. त्यानंतर लिटरभर कोमट पाण्याला निंबोळी तेल ५ मिली आणि भांडी घासायचा पातळ साबण २ मिली. तेल आणि साबण आधी वाटीत फेटून दुधासारखं पांढरं करायचं, मग पाण्यात ओतायचं. तेल थेट पाण्यात टाकलं तर वर तरंगतं. पंपातून आधी नुसतं पाणी येतं आणि शेवटी निव्वळ तेल, त्या तेलानं पानं करपतात. फवारणी ऊन उतरल्यावर, पानांच्या खालून. पाचव्या दिवशी पुन्हा, असं तीन वेळा करा, कारण कापसासारख्या पिशवीतली अंडी पहिल्या फवारणीत मरत नाहीत.

आणि मुंग्यांकडे बघा. पिठ्या जो चिकट गोड पाझर सोडतो, त्यासाठी मुंग्या त्याची राखण करतात आणि त्याची पिल्लं एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेतात. कुंडीच्या काठाला बाहेरून पेट्रोलियम जेलीचा बोटभर रुंद पट्टा ओढला तरी त्यांची ये-जा थांबते. मात्र झाडाची फांदी भिंतीला टेकलेली नसावी.

मखमलाबाद, अंगणातला द्राक्षवेल

घरच्या मांडवावर एकच वेल असला तरी नियम बागेचेच. ऑक्टोबर छाटणीला काडी तपकिरी, पेन्सिलीएवढी जाड आणि भरीव हवी. सबकेन केलेली असेल (म्हणजे काडीचा शेंडा खुडून तिथून बगलफूट वाढवलेली असेल) तर गाठीच्या वरचे एक-दोन डोळे, म्हणजे फूट निघायच्या जागा, ठेवून छाटा, घड बहुतेक तिथेच निघतात. ‘वेल हिरवागार आहे पण द्राक्ष लागत नाहीत’ अशी तक्रार असते, तिचं मूळ ऑक्टोबरात नसतं. एप्रिलची खरड छाटणी (जुन्या काड्या आखूड कापून नव्या वाढवण्यासाठीची) झाली नसेल, किंवा झाल्यावर पुढच्या दीड-दोन महिन्यांत काडीला ऊन मिळालं नसेल, तर डोळ्यात घड तयारच होत नाही. मग आता कितीही नेमकं छाटलं तरी नुसती पानं येतात.

छाटल्यावर खाली पडलेलं प्रत्येक पान गोळा करून बाहेर काढा, डाऊनी हा बुरशीचा रोग त्यातच टिकून राहतो. मग उघड्या काड्यांना एक टक्का बोर्डो, म्हणजे मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक. १० लिटरसाठी मोरचूद १०० ग्रॅम आणि कळीचा चुना १०० ग्रॅम. दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या बादल्यांत पाच-पाच लिटर पाण्यात विरघळवा, लोखंडी बादली चालत नाही. चुन्याचं पाणी गाळून घ्या आणि मोरचुदाचं पाणी त्यात हळूहळू ओतत काठीनं ढवळत राहा. रंग आकाशी येतो. आता एक स्वच्छ घासलेला लोखंडी खिळा त्यात काही मिनिटं बुडवून काढा. खिळ्यावर तांबूस थर चढला, तर मोरचूद मोकळा राहिलाय, थोडं चुन्याचं पाणी अजून घाला. खिळा जसाच्या तसा निघाला तरच फवारा. त्याच दिवशी संपवा, शिळा बोर्डो उपयोगाचा नाही. कोवळ्या फुटीवर एक टक्क्याचा मारू नका, पानं होरपळतात.

भुरी आणि डाऊनी यांत गल्लत फार होते. भुरी पानाच्या वर राखेसारखी असते, बोटानं पुसली जाते. डाऊनीत वरून पिवळट तेलकट डाग दिसतो आणि सकाळी तेच पान उलटवलं की डागाच्या बरोबर खाली पांढरा लोकरीसारखा थर. डाऊनीला पान ओलं राहणं लागतं, म्हणून ऑक्टोबरात छाटणीनंतर पाऊस आला की तो धावतो. भुरीला पानावर पाणी लागत नाही, दमट हवा आणि दाट सावली पुरते. औषध वेगळं, म्हणून आधी पान उलटवून बघा.

सिडको, गच्ची

छोटीशी पण दर ऑक्टोबरला होणारी चूक. गच्चीवर उन्हात पडलेल्या पाइपातलं पहिलं बादलीभर पाणी हाताला चटका बसेल इतकं तापलेलं असतं. ते थेट रोपांना गेलं की मेथी-पालकाची कोवळी रोपं संध्याकाळपर्यंत लोळतात आणि लोक बुरशी समजून औषध घालतात. आधी पाइप बादलीत सोडा, पाणी गार लागलं की कुंडीकडे वळवा.

म्हसरूळ, वाफे आणि क्रेट

कोथिंबिरीचे धणे अख्खे पेरू नयेत. एका धण्यात दोन बिया असतात. चपलेखाली किंवा लाटण्यानं हलके रगडून दोन फाका करा, पीठ करू नका. बारा तास पाण्यात भिजवून, निथळून, ओल्या फडक्यात एक रात्र ठेवा. अर्ध्या इंचाच्या खोलीवर पेरा आणि वर ओलं गोणपाट टाका. आठ ते बारा दिवसांत अंकुर दिसतात. दिसले त्याच संध्याकाळी गोणपाट काढायचं, एक दिवस उशीर झाला तरी रोपं पांढरी, लांबुडकी होऊन पडतात. दुपारी पारा तेहेतीसच्या आसपास असेल तर उगवण रेंगाळते. कोजागिरीच्या सुमारास रात्री गार झाल्या की तेच बियाणं भराभर येतं, त्यामुळे दसऱ्याची घाई करण्यात अर्थ नाही.

मेथी चार दिवसांत येते. तिचा त्रास वेगळा, रोप जमिनीलगत पिचून आडवं होतं. कारण जवळजवळ नेहमी दाट पेरणी आणि संध्याकाळचं पाणी. पेरण्यापूर्वी मातीत ट्रायकोडर्मा मिसळा, एक किलो चांगल्या कुजलेल्या शेणखताला ५ ग्रॅम, सावलीत आठ दिवस ओलसर ठेवून मग वाफ्यात. त्याच वाफ्यात रासायनिक बुरशीनाशक घालू नका, ट्रायकोडर्मा हीसुद्धा बुरशीच आहे.

मातीबद्दलही सांगते. आपल्याकडची काळी माती कुंडीत एकटी वापरली की पाण्यानं चिकटते आणि वाळली की भेगाळते. त्र्यंबक-इगतपुरीकडे भात होतो, त्यामुळे गिरणीतली तुसं आपल्याला सहज मिळतात. चार भाग माती, तीन भाग शेणखत, तीन भाग तुसं. पाणी घातल्यावर मिनिटभरात खालच्या भोकातून निथळायला लागलं पाहिजे.

गंगापूर रोड, बंगल्याचं अंगण

शेवंतीला कळ्याच धरत नाहीत, म्हणून खत वाढवत जाणाऱ्यांसाठी लिहितो. शेवंती रात्र मोजते. रात्र मोठी होत गेली की तिला कळ्या येतात. कुंडी फाटकाच्या दिव्याखाली किंवा रस्त्याच्या दिव्याच्या झोतात असेल तर तिच्या लेखी रात्र झालेलीच नसते. एकाच वाणाच्या दोन कुंड्यांपैकी अंधाऱ्या कोपऱ्यातली कळ्यांनी भरते आणि दिव्याखालची नुसती वाढत राहते, हे शेजारी शेजारी बघायला मिळतं. दिवाळीच्या माळा शेवंतीवर सोडू नका. शेंडे खुडणं सप्टेंबरच्या सुरुवातीला थांबवायचं, आता खुडलं तर कळ्याच जातात. मोठं फूल हवं असेल तर प्रत्येक फांदीवर मधली एक कळी ठेवून बाजूच्या मुगाएवढ्या असतानाच काढा.

पंचवटी, वाड्याचं अंगण

तुळशीच्या लग्नाच्या आधी तुळस नेमकी काळवंडते. पान उलटवा. खाली डांबराच्या बारीक थेंबांसारखे काळे ठिपके आणि दोन-तीन मिलिमीटरचे जाळीदार पंखांचे किडे असतील, तर तो जाळीदार ढेकूण आहे, थंडीचा परिणाम नव्हे. पूजेची तुळस, त्यामुळे औषध नकोसं वाटतं. नुसतं पाणीही पुरतं, पण पद्धतीनं. सकाळी झाड एका हातानं तिरपं धरून पानांच्या खालून धार मारायची, एक दिवसाआड, पाच वेळा. खाली पडलेले किडे परत चढतात, म्हणून कुंडीखाली आधी वर्तमानपत्र पसरून नंतर उचलून टाका. मंजिऱ्या कोवळ्या असतानाच खुडा, बी धरलं की झाड म्हातारं होतं.

नाशिकरोड, गच्ची

शेणखताच्या पोत्यात पांढऱ्या, इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या अळ्या दिसल्या की सगळे हुमणी म्हणून मारतात. थांबा. अळी गुळगुळीत फरशीवर ठेवा आणि मिनिटभर पाहा. पाठीवर उताणी होऊन, पाय वर ठेवून सरपटली तर ती फुलभुंगेऱ्याची, कुजलेला पाला खाणारी, खताचं कामच करते. तिला कंपोस्टच्या ड्रममध्ये सोडा. कुशीवर वळवळत राहिली किंवा पायांवर चालायला बघितलं तर हुमणी समजा, ती मुळं खाते. मिरचीचं झाड पाणी असूनही दुपारी मान टाकतं आणि हलकं ओढलं तर मुळांशिवाय हातात येतं, ते तिच्यामुळे. कुंडी पालथी करून अळ्या वेचणं हाच खात्रीचा उपाय. जमिनीत असेल तर मेटारायझियम लिटरला १० ग्रॅम, संध्याकाळी, ओल्या मातीत मुळाशी ओता. कोरड्या मातीत ती बुरशी टिकत नाही.

सातपूर, बोअरचं पाणी

ड्रिपरमधून पाणी येईनासं झालं तर टाचणीनं टोचू नका, भोक मोठं होतं आणि एका कुंडीला दुप्पट पाणी जातं. ड्रिपर काढून रात्रभर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये बुडवा, क्षार सुटतो. हाच क्षार कुंडीत साठला की पानांची टोकं तपकिरी होतात. महिन्यातून एकदा, कुंडीच्या मापाच्या दुप्पट गोडं पाणी हळूहळू घालून निथळू द्या. लिंबाची नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर ती लोहाची कमतरता. आपल्या चुनखडीच्या मातीत लोह असूनही मुळाला मिळत नाही. मातीत खत वाढवून काही होत नाही, चिलेटेड लोह (झाडाला सहज घेता येईल अशा रूपातलं) लिटरला अर्धा ग्रॅम, पानांवर, पंधरा दिवसांच्या अंतरानं दोनदा.

अशोका मार्ग, बाल्कनी

कुंडीखालच्या ताटल्या. याच महिन्यांत डेंगीचे रुग्ण वाढतात आणि एडिस डास अंड्यापासून पंख फुटेपर्यंत साधारण आठ-दहा दिवसांत तयार होतो. आठवड्यातून एकदा ताटली नुसती ओतून भागत नाही, अंडी कडेला चिकटलेली असतात. काथ्यानं घासून धुवा, किंवा ताटलीत काठापर्यंत जाड वाळू भरा.

दिवाळीत आठ दिवस गावी जाणार असाल तर निघण्याआधी तीन दिवस चाचणी घ्या. सुती कापडाची बोटभर जाड वात, एक टोक कुंडीच्या मातीत दोन इंच पुरलेलं, दुसरं बादलीच्या तळाशी, आणि बादली कुंडीपेक्षा उंचावर. वात आधी पूर्ण भिजवलेली हवी, कोरडी ठेवली तर पाणी चढतच नाही.

कॉलेज रोड, बाल्कनी

गुलाब आता छाटायचा का? आणि डिसेंबरात फुलं मिळतील का?

गंगापूर रोड, बंगल्याचं अंगण

हो ताई, पाऊस नक्की थांबल्यावर, ऑक्टोबरच्या मध्यावर छाटा. छाटल्यापासून ४५ ते ५० दिवसांत फुलं येतात, म्हणजे डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात. बाहेरच्या बाजूला तोंड असलेला डोळा बघून त्याच्या पाव इंच वर, डोळ्याच्या उलट बाजूला उतार येईल असा तिरपा काप. कापलेल्या जागी फांदी आतून पांढरट-हिरवी दिसली पाहिजे. तपकिरी असेल तर अजून खाली कापत जा, नाहीतर मर वरून खाली उतरते. तोंडांना बोर्डो पेस्ट लावा. कलमाच्या गाठीखालून येणारी रानफूट कापू नका, बुडापासून ओढून काढा, कापलेली पुन्हा फुटते.

राणेनगर, गच्ची

मखमलाबादच्या काकांनी भुरीचं लक्षण सांगितलं, औषध राहिलं. पाण्यात विरघळणारं गंधक लिटरला २ ग्रॅम, सकाळी लवकर. पण इंदिरानगरच्या ताईंनी सांगितलेलं निंबोळी तेल ज्या झाडावर मारलंय, त्यावर दोन आठवडे गंधक नको, दोन्ही एकत्र आलं की पानं जळतात. दुपारी पस्तीसला पोचणार असेल त्या दिवशीही थांबा. आणि काकडी-दोडक्यावर मारण्याआधी एका पानावर लावून दोन दिवस बघा, काही वाणांना गंधक सोसत नाही.

मखमलाबाद, अंगणातला द्राक्षवेल

बरोबर आहे. घड लागल्यावर मण्यांवर गंधकाचे डाग राहतात, म्हणून घरच्या वेलाला मी ते मणी धरण्याच्या आधीच वापरा म्हणतो. नंतर पानं विरळ करून घडाभोवती वारा खेळता ठेवा. निफाडकडे पारा उतरायला लागला, की वेलाला संध्याकाळचं पाणी बंद, सकाळी नऊनंतर द्यायचं.