मे महिन्यात समुद्रावर वॉटरकलर, वॉश हातात राहतच नाही

घाटावरची:
नमस्कार मंडळी, मी साताऱ्याची. तीन वर्षं झाली वॉटरकलर करतेय, नदीकाठी घाटात ऑन द स्पॉट बसायची सवय आहे पण समुद्र आला की सगळं बिनसतं. गेल्या मेमध्ये कोकणात हर्णैला गेलो होतो, नाश्ता वगैरे आटपून बंदरावर पोचेस्तोवर साडेदहा झाले, आकाशाचा वॉश (पाणीदार रंगाचा सलग थर) डावीकडून उजवीकडे नेईपर्यंत डावीकडे वाळून कडक रेघ उमटली, ती मिटवायला पाणी लावलं तर फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे डाग पडले. आणि जे चित्र तिथे झकास वाटत होतं ते रूमवर ट्यूबलाइटखाली बघितलं तर काळवंडलेलं, समुद्रातल्या सुवर्णदुर्ग किल्ल्याचा तट म्हणजे नुसता चिखल. होड्या सुरवातीला चिखलात कलंडलेल्या होत्या, चित्र अर्ध्यात आलं तर तरंगायला लागल्या! यंदा परत चार दिवस जातेय. कागद बदलू का? पाण्यात ग्लिसरीन घालतात म्हणे, कुणी वापरलंय का?

वॉशवाला:
ताई, 300 जीएसएम कॉटन (जाड सुती कागद) वापरत असाल तर कागद अजिबात बदलू नका, वेळ बदला. पहाटेपासून साधारण नऊपर्यंत जमिनीकडून येणारा मतलई वारा असतो तोही हलका, कागद निवांत ओला राहतो. दहानंतर समुद्राकडून खारा वारा सुटतो आणि वर ऊन, मग मोठा वॉश विसरा. साडेसहाला बोर्डवर कागद लावून तयार पाहिजे, चहा नंतर.
काळवंडण्याचं कारण म्हणजे तुम्ही कागद उन्हात ठेवून रंगवलंत. उन्हात पांढरा कागद इतका चमकतो की कुठलाही रंग फिका वाटतो आणि आपण अजून अजून गडद करत जातो. कागद पूर्ण सावलीत हवा. सुरूच्या बनातली सावली घेऊ नका, तिथे कागदावर कवडसे नाचतात आणि टोनचा, म्हणजे रंग किती गडद-फिका त्याचा, काही अंदाज येत नाही. होडीची किंवा भिंतीची सलग सावली बघा, नाहीतर साधी काळी छत्री. रंगीत छत्री नको, तिचा रंग कागदावर उतरतो.
ग्लिसरीन मी एकदा घातलं होतं, चार-पाच थेंब. दमट हवेत चित्र दोन दिवस चिकट राहिलं, वरचा बटर पेपर सोलून काढावा लागला. परत घातलं नाही.

बंदरावरचा:
होड्यांचं सांगतो, आमचं बालपण बंदरावरच गेलं. तिथीला पाऊणपट करायचं, येईल त्या वाजता साधारण पूर्ण भरती, दिवसाही आणि रात्रीही. म्हणजे अष्टमीला 6, चतुर्थीला 3. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. तुमचं वर्णन वाचून वाटतं तुम्ही पंचमी-षष्ठीला गेला असाल, तेव्हा दहाच्या सुमारास पाणी तळाला जातं आणि मग चढायला लागतं, तुम्ही नेमक्या त्याच वेळी बसलात. कलंडलेल्या होड्या सकाळी पाहिजेत तर पौर्णिमा किंवा अमावस्येनंतर द्वितीया ते चतुर्थी गाठा, उधाणाचे दिवस असतात, पाणी लांब जातं आणि तुमच्या वेळेत बसतं. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाणी फार हलत नाही आणि सकाळी बंदर भरलेलं मिळतं. तरी निघण्याआधी भरतीचं टाइमटेबल बघाच.
अजून एक, 1 जूनपासून मासेमारी बंद होते त्यामुळे मेच्या शेवटी बऱ्याच होड्या वर ओढून झापांनी (नारळाच्या विणलेल्या झावळ्यांनी) शाकारलेल्या असतात. ते पण रंगवण्यासारखं आहे, वाळलेल्या झापांचा तो राखाडी-सोनेरी रंग मला तर पाण्यापेक्षा जास्त आवडतो.

रेतीरंग:
वरच्या दोघांशी सहमत, फक्त संध्याकाळ सोडू नका. आपल्याकडे समुद्र पश्चिमेला, त्यामुळे सकाळी ऊन तुमच्या पाठीमागून येतं, किल्ल्याचा दगड न् दगड दिसतो पण सगळं सपाट. संध्याकाळी पाच-साडेपाचला तोच सुवर्णदुर्ग एकसलग निळसर-करडा आकार होतो आणि पाण्यावर चमचम, खरबरीत कागदावर सुका ब्रश आडवा ओढला की ती चमक आपोआप सुटते. वारा असतो म्हणून पोस्टकार्ड साइजमध्येच करा. मासळीच्या लिलावाला उभ्या असलेल्या मावश्यांना काढणार असाल तर आधी विचारा, विचारलं की त्या स्वतःच टोपली सरकवून जागा करून देतात.
आणि प्लीज समुद्र ट्यूबमधल्या निळ्याने भरू नका. हर्णैला काठाजवळचं पाणी मातकट हिरवं असतं, निळं फक्त क्षितिजाजवळ बोटभर. बघून रंगवा.
ब्रश खाऱ्या पाण्यात बुडवू नका, मीठ कागदात राहतं आणि पावसाळ्यात ओलावा धरतं.

घाटावरची:
खूप खूप आभार सगळ्यांचे! आत्ताच कालनिर्णय काढून बघितलं, माझं बुकिंग नवमी ते द्वादशी आहे, म्हणजे नवमीला पावणेसातला भरती. तर सकाळी भरलेलं बंदर करते. कलंडलेल्या होड्यांसाठी द्वादशीला दुपारी तीनला ओहोटी येईल ना? तेव्हा सावली कुठे मिळेल, बंदरावरचा दादा, सांगाल का?

बंदरावरचा:
हो, तीनच्या आसपास. लिलावाच्या जागेपासून थोडं पुढे वर ओढलेल्या मोठ्या होड्या असतात, त्यांच्या पूर्वेच्या बाजूला बसा, तीनला तिथे सावली पडायला लागते.