मदत हवी आहे: मधली लेक बाळाला चावती, काय करू?

नमस्कार ताईंनो, मी लातूरची. मला तीन लेकरं, मोठा साडेपाच वर्षांचा, मधली तीन वर्षांची आणि धाकटं 7 महिन्यांचं. हे सकाळीच आडतीवर जातात, सासूबाई गावाकडं शेतात, दिवसभर घरी मी एकटीच.

बाळाला पाजायला घेतलं की मधली लगेच मांडीवर चढती, पदर ओढती, नाहीच घेतलं तर बाळाला चावती. परवा आठ दिवसांनी नळाला पाणी आलं म्हणून मी घाईघाईत हंडे, टाकी भरायले होते तेवढ्यात आतून बाळ जोरात किंचाळलं, पळत जाऊन बघते तर त्याच्या गालावर दाताचे वळ आणि ही कोपऱ्यात हुंदके देत बसलेली. मी एक चापट मारली. मग रात्रभर मलाच झोप नाही, तिचं तरी वय काय हो, बाळ व्हायच्या आधी माझ्याच कुशीत झोपायची लेकरू.

एक मात्र बघितलंय, सहा महिन्यांनंतर बाळाला वरचं सुरू केलं तेव्हापासून वरणभात कालवून चमचा तिच्या हातात दिला की तेवढा वेळ एकदम शहाणी होती, "माझं बाळ" म्हणती.

अंगणवाडीत तीन वर्षं झाली की घेतात, तर आत्ता घालू का? शेजारच्या काकू म्हणतात तिला वाटंल आईनं घराबाहेर काढलं. मोबाईल हातात द्यायचा नाही मला. पाजताना मधल्या लेकराला कसं सांभाळलं तुम्ही, सांगा ना प्लीज.