वसतिगृहाचं दार रात्री किती वाजता बंद व्हावं?

मसुदाकार:
वसतिगृहाची नियमावली नव्याने लिहायची आहे. सध्या मुलींना रात्री साडेआठ, मुलांना अकरा अशी वेळ आहे. पालकांना हे बदलायला नको आहे, विद्यार्थिनींना हे मुळीच मान्य नाही. वेळ ठेवावी का? ठेवली तर नियम कसा लिहावा?

कलम_वाचक:
मुलामुलींसाठी वेगळ्या वेळा ठेवूच नका. लैंगिक छळ प्रतिबंधाचे यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) २०१५चे विनियम (अधिसूचना मे २०१६ची) स्पष्ट सांगतात की सुरक्षेचं कारण देऊन मुलींच्या वसतिगृहाला मुलांपेक्षा वेगळे, भेदभावाचे नियम लावता येणार नाहीत. कोझिकोडच्या सरकारी मेडिकल कॉलेजातल्या विद्यार्थिनी साडेनऊच्या वेळेविरुद्ध केरळ उच्च न्यायालयात गेल्या. त्यानंतर डिसेंबर २०२२मध्ये राज्य सरकारने दोघांना सारखाच नियम लावला आणि साडेनऊनंतर नोंद करून आत येण्याची सोय ठेवली. तुमच्या मसुद्याला हा नमुना चालेल.

राहता राहिले १८ पूर्ण न झालेले, पहिल्या वर्षात असे थोडे असतात. त्यांच्यासाठी पालकांचं संमतीपत्र घ्या, पण ते वाढदिवसापर्यंतच. सज्ञान विद्यार्थिनीला दर वेळी घरून फोन यायला लावणं चुकीचं आहे.

रात्रपाळी:
'दार बंद' हा शब्दच काढा. साडेदहानंतर नोंद करून प्रवेश, असं लिहा. कुलूप लावलं की ट्रेन लेट झालेली मुलगी स्टेशनवर रात्र काढते किंवा भिंतीवरून उडी मारते, म्हणजे ज्या धोक्यासाठी नियम केला तोच वाढतो. आगीचंही बघा: बाहेर पडण्याचं दार आतून किल्लीशिवाय उघडलंच पाहिजे. किल्ली रखवालदाराच्या खिशात आणि रखवालदार मागच्या गेटवर, हे फार ठिकाणी असतं.

रजिस्टरमध्ये पाच रकाने पुरेत: नाव, खोली क्रमांक, बाहेर पडल्याची वेळ, परतण्याची अंदाजे वेळ, प्रत्यक्ष वेळ. 'कारण' हा रकाना नको, त्यात सगळे 'लायब्ररी' लिहितात आणि नोंदीचा उपयोग संपतो. मोबाइल नंबरही त्यात नको, उघड्या वहीतून कोणीही तो उतरवून घेतो. नंबर रेक्टरांकडच्या यादीत असू द्या.

मुख्य काम पुढे आहे. सांगितलेल्या वेळेनंतर एक तास गेला की रखवालदाराने रेक्टरांना कळवायचं. रेक्टरांनी विद्यार्थ्याला फोन करायचा, उचलला नाही तर रूममेटला विचारायचं, तरीही पत्ता लागला नाही तर घरी कळवायचं आणि ११२ला फोन करायचा. ही साखळी लेखी नसेल तर सही घेऊन काहीच साधत नाही. बायोमेट्रिक मशीनचंही तेच, कोण आत आलं ते कळतं, न आलेल्याला शोधायला माणूसच लागतो. ओल्या किंवा मेंदीच्या बोटांना ते दाद देत नाही, म्हणून वही ठेवायचीच.

मेस_समिती:
एक भर. गेटची वेळ, शांततेची वेळ आणि पाहुण्यांची वेळ हे तीन नियम वेगळे लिहा. खोलीत तिघं असताना रात्री दोनला दिवा लावून गप्पा चालल्या तर त्रास होतोच, पण तो ११ ते ६ शांततेच्या नियमाने सुटतो, गेटवर अडवून नाही.

आणि वेळ ठरवण्याआधी वाचनालय, प्रयोगशाळा, शेवटची बस यांच्या वेळा कागदावर मांडा. वाचनालय अकराला बंद होत असेल तर साडेदहा ही वेळ निरर्थक आहे, साडेअकरा करा. जेवणाचाही प्रश्न येतो: उशिरा येणाऱ्याने सातपर्यंत नाव दिलं की ताट झाकून ठेवायचं, एवढा नियम पुरतो. बस थांब्यापासून गेटपर्यंतचे दिवे मात्र आधी दुरुस्त करून घ्या.

मसुदाकार:
उशीर झाल्यास दंड ठेवावा का?

रात्रपाळी:
नको. दंड लागला की लोक खोटी वेळ लिहितात, मग एक तासाची ती साखळी सुरूच होत नाही.