बॅकहोचं हायड्रॉलिक अडलं तेव्हा : विदर्भातल्या मालक, ऑपरेटर, मिस्त्रींचे अनुभव

बॅकहो, म्हणजे जेसीबीसारखं खोदाईचं मशीन, मंद झालं की गावात पहिलं निदान ठरलेलं असतं, पंप गेला. मग पंप उतरतो, मोठा खर्च होतो आणि कितीदा तरी मशीन होतं तसंच राहतं. म्हणून हा धागा काढतोय. माझं ठाम मत आहे की पाना हातात घेण्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात. सगळंच मंद आहे की एकच काम मंद आहे? आणि त्रास थंड असताना होतो की गरम झाल्यावर? सगळंच मंद असेल तर टाकी, सक्शन (टाकीतून पंपाकडे ऑईल नेणारा पाइप), पंप, मेन रिलीफ वॉल्व्ह (प्रेशर ठरलेल्या मर्यादेवर गेलं की उघडणारा) या क्रमानं जा. फक्त बूम (मशीनचा मोठा हात) किंवा फक्त बकेट मंद असेल तर पंपाला हात लावू नका. तो सिलिंडर आणि त्याचा वॉल्व्ह तपासा. आपापले अनुभव लिहा, लक्षण आणि निघालेलं कारण, दोन्ही.

मालक, राळेगाव

मे महिन्यात नाला खोलीकरणाचं काम सुरू होतं. सकाळी मशीन झकास चालायचं, दुपारी बूम उचलेना. पंप बदला, असं दोघांनी सांगितलं. आमच्या मिस्त्रीनं आधी समोरची जाळी काढली. ऑईल कूलर आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत कापसाची रुई, सोयाबीनचं कुटार आणि धूळ यांचा थर बसला होता, बाहेरून काही दिसत नव्हतं. आतून बाहेर हवा मारून तो काढला. टाकीत ४६ ग्रेडचं ऑईल होतं. हा आकडा ४० अंशांवर ऑईल किती घट्ट असतं ते सांगतो, आणि आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच पारा ४५ गाठतो, टाकीतलं ऑईल तर त्याहून कितीतरी जास्त तापतं. पातळ झालेलं ऑईल पंपाच्या आणि स्पूलच्या (वॉल्व्हमधली, ऑईलची वाट बदलणारी सरकती दांडी) फटींतून आतल्या आत परत फिरतं, जोर बाहेर पोचतच नाही. मॅन्युअलमध्ये आमच्या मशीनला उन्हाळ्यात ६८ चालतं असं लिहिलं होतं, ते भरलं. पंप अजून तोच आहे.

ऑपरेटर, मोर्शी

मले तं आवाजावरूनच समजते. पंप कण्हते अन् टाकीच्या काचेत फेस दिसते, तं समजा पंप हवा ओढून राह्यला. सक्शनच्या पाइपातून ऑईल बाहेर टपकत नाही, हवा आत जाते, म्हणून खाली डाग पाहून काही सापडत नाही. मी क्लिपच्या जोडावर थोडं ऑईल सोडतो. आवाज बदलला तं जोड तिथंच सैल हाय. एका मशीनवर तेही ठीक निघालं. टाकीच्या ब्रीदरले (हवा आत-बाहेर जायच्या झाकणाले) कोणंतरी फडकं बांधून ठेवलं होतं, धूळ जाऊ नये म्हणून! बाहेरची हवाच आत येत नाही तं पंप ऑईल ओढीन कसा? अन् रात्रभर मशीन उभं ठेवूनही ऑईल पांढरंच राह्यलं, तं तो फेस नाही भाऊ, पाणी होय.

मालक, अर्जुनी मोरगाव

हे सगळ्यांनी वाचाच. मामा (माजी मालगुजारी) तलावाचा गाळ काढताना होजमधून (प्रेशरच्या रबरी नळीतून) बारीक तुषार उडत होते. हेल्परनं लीक कुठे आहे म्हणून चालू मशीनवर बोट फिरवलं. टोचल्यासारखं झालं म्हणाला, रक्तही नाही. आमच्या ऑपरेटरनं मात्र ते तिथेच ओळखलं आणि लगेच गोंदियाला नेलं. 'प्रेशरचं ऑईल कातडीखाली गेलंय' असं डॉक्टरांना स्पष्ट सांगितलं, त्याच दिवशी ऑपरेशन झालं, बोट वाचलं जी. जखम दिसायला सुईएवढी असते, आतून बोट सडू शकतं. लीक शोधायला पुठ्ठा धरा, हात कधीच नाही. होज सोडण्याआधी बकेट जमिनीवर टेकवा, इंजिन बंद करा, सगळे लिव्हर हलवून प्रेशर सोडा.

तो होज क्लॅम्प नसल्यामुळे घासून गेला होता. नवीन बनवताना चार तारांच्या जागी दोन तारांचा स्वस्तात देत होते, तो घेतला नाही.

मिस्त्री, वरोरा

मला सर्वांत राग येतो तो रिलीफचा स्क्रू आवळण्याचा. जोर कमी झाला की एक फेरा आवळायचा, हे पाहून जीव तुटतो. बॅकहोचं मेन प्रेशर साधारण २०० ते २५० बारच्या घरात असतं. नेमका आकडा मॅन्युअलमध्ये पाहा आणि ४०० बारचा गेज लावून ऑईल गरम असताना मोजा. गेज न लावता आवळलं तर आधी होज फुटतात, मग सील जातात.

गेज नसेल तर बकेट सिलिंडर शेवटच्या टोकाला नेऊन लिव्हर क्षणभर धरा. इंजिन दबलं तर पंप प्रेशर देतोय. अजिबात दबलं नाही तर रिलीफ उघडा राहिलाय की पंप झिजलाय, ते रिटर्न फिल्टर कापून पाहा. चुऱ्यावर चुंबक फिरवा. लोखंड चिकटतं, पितळी चकाकी चिकटत नाही, ती बहुधा पंपाच्या बुशची असते. रबराचे तुकडे म्हणजे सील.

ऑपरेटर, आर्वी

दादा, आमचं बूम बंद मशीनवर रात्रभरात खाली येतं. सील किट टाकूनही तसंच. काय करावं?

मिस्त्री, वरोरा

सील खरंच गळतंय का, हे आधी पाहायला हवं होतं, आताही पाहता येईल. बूमखाली भक्कम लाकडी ठोकळे लावा, खाली कोणी उभं राहू नका. सिलिंडर एका टोकाला न्या, इंजिन बंद करून प्रेशर सोडा. ज्या बाजूला प्रेशर येणार नाही त्या बाजूचा होज काढून प्लग मारा, पोर्टखाली बादली ठेवा. मग इंजिन लावून लिव्हर त्याच टोकाकडे हळू दाबा. पोर्टातून ऑईल येतच राहिलं तर पिस्टन सील. थोडं येऊन थांबलं तर सिलिंडर चांगला आहे. मग बूमच्या सेक्शनचा पोर्ट रिलीफ (फक्त त्या लाइनचा छोटा रिलीफ वॉल्व्ह) काढून धुवा, त्याच्या सीटवर कचरा अडकलेला असतो. तो स्वच्छ निघाला तर स्पूल झिजलाय, आणि ते काम शेतात उघड्यावर करू नका, ब्लॉक वर्कशॉपला न्या.