कीथ रिचर्ड्सच्या व्यसनकथांचे कौतुक कशासाठी?

मूळ मत

रोलिंग स्टोन्सचा गिटारवादक कीथ रिचर्ड्स ऐंशी ओलांडून गेला आहे. त्याचा विषय निघाला की वादनाआधी हेरॉइन, पोलिसांचे छापे आणि 'हा माणूस अजून जिवंत कसा' याचीच चर्चा रंगते. माझा आक्षेप या रंगण्याला आहे. जो तगला त्याच्या चिवटपणाचे पोवाडे गाताना जे तगले नाहीत ते विस्मरणात जातात. ज्या ब्रायन जोन्सने हा बँड उभा केला, तो जुलै १९६९ मध्ये वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी पोहण्याच्या तलावात बुडून गेला. रिचर्ड्सचा जिवलग मित्र ग्रॅम पार्सन्स १९७३ मध्ये सव्विसाव्या वर्षी मॉर्फिन आणि दारूने मेला. यांच्यात आणि त्याच्यात फरक होता तो शरीराच्या ठेवणीचा आणि नशिबाचा, आणि त्यात कर्तृत्व कोणतेच नाही. ही लफडी नसती तर रिचर्ड्सची कीर्ती निम्मीही उरली नसती, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रतिसाद १

आपले शेवटचे वाक्य मला अजिबात मान्य नाही. रोलिंग स्टोन्सचे 'सॅटिस्फॅक्शन' हे गाणे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचले १९६५ मध्ये, आणि रिचर्ड्सच्या घरावर तो गाजलेला छापा पडला १२ फेब्रुवारी १९६७ रोजी. म्हणजे कीर्ती आधी आली आणि बदनामी मागाहून. तो छापासुद्धा 'न्यूज ऑफ द वर्ल्ड' या वृत्तपत्राने पोलिसांना खबर दिल्यामुळे पडला होता. आपल्या घरात गांजा ओढू दिला म्हणून रिचर्ड्सला एक वर्षाची कैद सुनावली गेली, तेव्हा 'द टाइम्स'सारख्या सनातनी वृत्तपत्राच्या संपादकांनीही या खटल्यातील कठोरपणावर अग्रलेख लिहिला, आणि महिनाभरातच वरिष्ठ न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले.

राहिला वादनाचा प्रश्न. साठच्या दशकाच्या अखेरीस त्याने गिटारची सर्वांत जाड, सहावी तार काढून टाकली आणि उरलेल्या पाच तारा 'ओपन जी'मध्ये, म्हणजे जी, डी, जी, बी, डी अशा लावल्या. त्यामुळे तारा मोकळ्या छेडल्या तरी पूर्ण कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारा सुरांचा मेळ, उमटतो आणि एक बोट आडवे टाकून उरलेल्या बोटांनी त्यावर हवे ते सूर चढवता येतात. 'स्टार्ट मी अप' या त्यांच्या गाण्याची सुरुवात नेहमीच्या सहा तारांवर वाजवून पाहा: सूर बरोबर लागतील, पण तो झटका येणार नाही. ही कारागिरी कोणत्याही लफड्यातून आलेली नाही.

प्रतिसाद २

कालक्रम मान्य, पण त्याच छाप्यात सापडलेल्या गायिका मारियान फेथफुलचे काय झाले? पोलीस घरात शिरले तेव्हा ती नुकतीच आंघोळ करून, फरचा गालिचा अंगाभोवती गुंडाळून बसली होती. तिच्यावर कोणताही आरोप ठेवला गेला नाही. न्यायालयात तिला 'मिस एक्स' म्हटले गेले, तरी ती कोण हे सर्वांना ठाऊक होते. इतक्या पुरुषांसमोर एका तरुणीला अशा अवस्थेत संकोच वाटायला नको का, असे सरकारी वकिलाने विचारल्यावर, आम्ही म्हातारे नाही आणि क्षुद्र नीतिनियमांची आम्हाला फिकीर नाही, असे उत्तर रिचर्ड्सने दिले. त्या उत्तराने तो बंडखोर म्हणून अजरामर झाला. तिच्या वाट्याला मात्र गालिचा आला, तोही जन्मभरासाठी. पुढे हेरॉइनच्या व्यसनात तिने मुलाचा ताबा गमावला आणि लंडनच्या सोहो भागात रस्त्यावर दिवस काढले. १९७९ मध्ये 'ब्रोकन इंग्लिश' या अल्बमने ती पुन्हा उभी राहिली, पण जानेवारी २०२५ मध्ये ती गेली तेव्हा मृत्युलेखांतही तो गालिचा आलाच. व्यसनी पुरुषाभोवती वलय तयार होते आणि व्यसनी बाई चवचाल व वाईट आई ठरते, हे तिने स्वतःच सांगून ठेवले आहे.

मूळ मत मांडणाऱ्याचे उत्तर

असाच भेदभाव, प्रसिद्ध आणि अनोळखी यांच्यातला, कॅनडातील टोरोंटोतही दिसतो. फेब्रुवारी १९७७ मध्ये हॉटेलच्या खोलीत हेरॉइन सापडल्यावर रिचर्ड्सवर ते विक्रीसाठी बाळगल्याचा आरोप होता, ज्याला जन्मठेपही होऊ शकत होती. प्रत्यक्षात १९७८ मध्ये त्याला तुरुंगाऐवजी अंधांच्या मदतीसाठी कार्यक्रम करण्याचा आदेश मिळाला, आणि एप्रिल १९७९ मध्ये ओशावा येथे तो पार पडला. एखाद्या अनोळखी व्यसनी मुलाला ही सवलत मिळाली असती काय?

प्रतिसाद १

मिळायलाच हवी होती, आणि त्यासाठी रिचर्ड्सला तुरुंगात टाकण्याची गरज नव्हती. तो उपचार घेत होता, त्याच सुमारास त्याने हेरॉइन सोडले, आणि त्यानंतर चार दशकांहून अधिक काळ तो काम करत राहिला. 'हॅकनी डायमंड्स' हा अल्बम २०२३ मध्ये आला, तोही बोटांना सांधेदुखीने ग्रासलेले असताना. आपण ज्यांना पोवाडे म्हणता ते या कामाचे गायले गेले तर माझी हरकत नाही.

प्रतिसाद ३

या वादात रिचर्ड्सने स्वतः काय लिहिले आहे ते कोणीच पाहिलेले दिसत नाही. जून १९७६ मध्ये त्याचा जेमतेम दोन महिन्यांचा मुलगा तारा दगावला, तेव्हा तो दौऱ्यावर पॅरिसमध्ये होता आणि त्या रात्रीही त्याने मंचावर उभे राहून गिटार वाजवली. नवजात मुलाला सोडून गेल्याबद्दल मी स्वतःला क्षमा करू शकत नाही, असे त्याने २०१० मधील 'लाइफ' या आत्मचरित्रात लिहिले आहे. झाडावरून पडल्याचे आणि वडिलांची राख हुंगल्याचे किस्से सांगणारे लोक हे पान मात्र नेमके वगळतात.