‘ब्लेअर विच’मध्ये भूत दिसत नाही, म्हणून तो वाईट?

परळची पोर:
परवा इथे कुर्ला स्लो यांनी लिहिलं, की ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’ हा भयपट म्हणजे ८१ मिनिटं झाडी आणि आरडाओरडा, त्यातली नायिका म्हणजे नुसती ‘किंचाळणारी बाई’, भूत एकदाही दिसत नाही, आणि ज्यांना तो आवडतो ते आवडल्याचं सोंग करतात. दोन दिवस गप्प बसले. पण सोंग म्हटलेलं काही सहन होईना.

मी तो कॉलेजात असताना पाहिला. परळची दहा बाय बाराची खोली, भाड्याची सीडी, आणि मागे आजी झोपलेली म्हणून आवाज अगदी बारीक. चेटकिणीवर माहितीपट करायला कॅमेरे घेऊन जंगलात गेलेले आणि वाट चुकलेले ते तिघं विद्यार्थी दिवसभर दक्षिणेकडे चालत राहतात आणि शेवटी ओढ्यावरचा तोच ओंडका पुन्हा समोर येतो. तिथे माझ्या मागून आवाज आला, “चकवो लागलो त्यांका.” आजी जागी होती! तिला इंग्रजीचं अक्षर कळत नव्हतं, पण माहेर कुडाळकडचं, रानातून पायी ये-जा केलेली बाई. तिच्याकडे नियम साधा होता: चकवा लागला की बसून राहायचं, उजाडेपर्यंत पाऊल टाकायचं नाही. हे तिघं चालतच राहतात. नकाशासुद्धा त्यांच्यातल्याच एकाने ओढ्यात टाकलेला. याला आणखी भूत कशाला हवं?

आणि शेवट. तळघरात तिघांतला एक मुलगा कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून उभा. बस्स. एक खुनी एका मुलाला कोपऱ्यात उभं करून दुसऱ्याला मारायचा, ही गोष्ट सुरुवातीला गावातला माणूस सांगून गेलेला असतो. ती ज्याने कानाआड केली, त्याला शेवट फुसका वाटणारच.

कुर्ला स्लो:
सोंग हा शब्द जास्त झाला, मागे घेतो. बाकी एक अक्षर मागे घेणार नाही.

लोक घाबरले ते सिनेमाला नाही, जाहिरातीला. १९९९ साली ‘हरवले आहेत’ अशी पत्रकं वाटली, वेबसाइटवर खोटा पोलीस तपास टाकला, आयएमडीबी या सिनेमांच्या माहितीच्या साइटवर कलाकार ‘बेपत्ता, बहुधा मृत’ असं झळकत होतं. हे काढून घ्या आणि मग काय उरतं ते सांगा. शिवाय त्या हलत्या कॅमेऱ्याने माझं डोकं दुखलं, मळमळलं. हेही खोटं का?

आणि याच्या मागून आलेली रांग बघा. सापडलेल्या चित्रफितीचा सिनेमा, म्हणजे पात्रांनीच शूट केलेलं खरं चित्रण हाती लागलंय असा आव आणणारा, हा स्वस्तात धंदा. ‘पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी’ तर दिग्दर्शकाच्या राहत्या घरात साधारण १५ हजार डॉलरमध्ये झाला.

एकपडदा:
मळमळ खरी आहे, तेव्हाही लोकांना झाली होती. आणि मतं तेव्हाच फुटली होती: समीक्षक खूश, पण थेटरातून बाहेर पडणाऱ्या अमेरिकन प्रेक्षकांनी सिनेमास्कोरच्या पाहणीत त्याला ‘सी प्लस’ एवढीच श्रेणी दिली. मात्र खऱ्याचा आव आणणं हे काही १९९९चं नाही. १९८०च्या ‘कॅनिबल होलोकॉस्ट’च्या वेळी इटलीत दिग्दर्शकावर कलाकारांना खरंच मारल्याचा, खुनाचा आरोप आला, कलाकार जिवंत असल्याचं दाखवावं लागलं.

ठाणेकर काकू:
असा सिनेमा थेटरात बघायची सोय उरलीय कुठे? पडद्यावर काळोख झाला की पुढच्या रांगेत चार मोबाइल पेटतात. मागच्या महिन्यात मी एकाला सांगितलं तर मलाच म्हणाला, “काकू, तुम्ही पुढे बघा ना.” मी पुढेच बघत होते, मोबाइल पुढेच होता!

आडवा कॅमेरा:
‘हलता कॅमेरा’, ‘स्वस्तात धंदा’ हे वाचून राहवलं नाही. मी अकरा वर्षं कॅमेरा असिस्टंट आहे. या सिनेमात कॅमेरामन नव्हताच, कलाकारच शूट करत होते, हाय-एट या घरगुती व्हिडिओ टेपवर आणि १६ एमएम फिल्मवर. आठ दिवस मेरीलँडच्या जंगलात. दिग्दर्शक जागोजागी खाणं आणि चिठ्ठ्या ठेवून जायचे. प्रत्येकाची चिठ्ठी वेगळी, दुसऱ्याला दाखवायची नाही, आणि खाणं दिवसागणिक कमी. पडद्यावरची चिडचिड भुकेची आहे.

त्याचं फळ काय? सिनेमाने जगभरात जवळपास २४.८ कोटी डॉलर कमावले. २०२४ साली त्या तिघांना जाहीर पत्र लिहून आपला वाटा मागावा लागला. पंचवीस वर्षांनी!

मला हे परकं वाटत नाही. गोरेगावच्या फिल्मसिटीत एका मालिकेवर सव्वा महिना काम केलं. आमच्याकडे पैसे नव्वद दिवसांनी, हे गृहीतच. नव्वद झाले, दीडशे झाले, मग फोन उचलणं बंद. त्या गणपतीत घरी मखर केलं नाही, नुसता पाट मांडला.

एकपडदा:
माझा भाऊ एडिटर आहे. त्याचे दोन वर्षांपूर्वीचे अजून यायचेत. एका बिलासाठी अंधेरीला सात फेऱ्या.

कुर्ला स्लो:
वाईट झालं, पण याचा सिनेमा चांगला असण्याशी काय संबंध? कलाकार उपाशी राहिले म्हणून मी घाबरू?

आडवा कॅमेरा:
संबंध कसा नाही? तुम्ही जिला ‘किंचाळणारी बाई’ म्हणालात ना, तिचं खरं नाव वापरून ती मेल्याची अफवा पसरवली. तिच्या आईला सांत्वनाची पत्रं आली. वर त्या पोरीला सर्वात वाईट अभिनेत्रीचं रॅझी, म्हणजे वाईट कामाची थट्टा करणारं बक्षीस मिळालं, आणि पुढे तिने अभिनयच सोडला. जिने आठ दिवस स्वतः फोकस सांभाळत अभिनय केला तिला तुम्ही एका शब्दात निकालात काढता. माझ्यासमोर सेटवर बोलला असता तर ऐकून घेतलं नसतं.

कुर्ला स्लो:
धमकी देऊ नका. मी तिकीट काढणारा माणूस आहे, मला न आवडल्याचं सांगायचा हक्क आहे.

परळची पोर:
दोघांनीही जरा दमानं घ्या. कुर्ला स्लो, तुम्ही पाहिलात कुठे आणि कसा?

कुर्ला स्लो:
लोकलमध्ये. मोबाइलवर. जाताना अर्धा, येताना अर्धा.

ठाणेकर काकू:
अहो! सकाळच्या गर्दीत, दारात लटकून, चकव्याचा सिनेमा?

कुर्ला स्लो:
मान्य. रात्री, घरी, दिवे बंद करून पुन्हा बघतो. पण मधली वीस मिनिटं तेच तेच भांडण आहे, हेही तुम्ही मान्य करा. आणि त्या ताईला ‘किंचाळणारी बाई’ म्हणालो, ते चुकलं.

परळची पोर:
वीस नाही, दहा. दुसऱ्यांदा पाहिला तेव्हा मलाही ती दहा मिनिटं जड गेली होती.

आडवा कॅमेरा:
ठीक. ताई, तुमच्या आजींनी शेवटपर्यंत पाहिला का?

परळची पोर:
तो कोपऱ्यातला मुलगा आला तेवढंच पाहिलं. मग उठून ट्यूबलाइट लावली आणि मला म्हणाली, “बंद कर ता. तो आता वळतलो.”