रोजगार वाढणार म्हणतात, पण टिकणारा किती?

चाकणकर:
राज्याची अर्थव्यवस्था ट्रिलियन डॉलरची करायची, म्हणून वाहनउद्योग, आयटी, गोदामं, बांधकाम यांत किती नोकऱ्या वाढतील याचे अंदाज सारखे येतात. त्यात नोकरी कशाला म्हणतात, हा माझा प्रश्न. भाचा आयटीआय फिटर, ठेकेदारामार्फत लागला. सात महिने झाले की ब्रेक, कारण कायद्यात वर्षात २४० दिवस भरले की सलग सेवा धरतात, मग काढणं सोपं राहत नाही. महिनाभर घरी, मग दुसऱ्या गेटवर नवं कार्ड. तीन वर्षांत चार कार्डं झाली, चारही पाकिटात ठेवलीत. नोकऱ्या चार दिसतील, माणूस एकच.

फेज_तीन:
दादा, भाच्याचं वाईट वाटतं, पण हिशोब चुकतोय. असे अंदाज भरती मोजत नाहीत, कामावर असलेली माणसं मोजतात. केंद्राचं श्रमबल सर्वेक्षण तर घरी येऊन लेखी करार आहे का, पगारी रजा मिळते का, हेही विचारतं. आणि वाढ खरी आहे. हिंजवडीत एक कंपनी आली की मागून मेस, कॅब, पाळणाघर येतं. माझ्या मुलीला सांभाळणाऱ्या मावशींना आयटीमुळेच काम मिळालंय.

भोसरीची_ताई:
दोघांनाही एक सांगते. माझं एमआयडीसीत छोटं वर्कशॉप आहे, अकरा माणसं. आम्ही गिअरबॉक्सचे शाफ्ट करतो. विजेच्या स्कूटरला आमचा शाफ्ट लागत नाही, सायलेन्सर नाही, पिस्टन नाही. अंदाजात 'वाहनउद्योग: वाढ' एवढंच येतं. बॅटरीवाल्याकडे दहा वाढले आणि माझ्याकडचे आठ गेले तर वाढ दोनचीच, पण त्या आठांचं काय? पन्नाशीतल्या टर्नरला बॅटरी जोडायला कोण घेणार? त्यातून गंमत नाही, खरंच सांगते, सीएनसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवर, सेटिंग करणारा पोरगा आजही शोधून मिळत नाही.

फेज_तीन:
ताई, म्हणूनच अंदाज हवेत. नाहीतर आयटीआयला कुठला ट्रेड वाढवायचा ते कसं ठरणार?

चाकणकर:
भरती आणि माणसं यांत माझी गल्लत झाली, मान्य. पण कराराचा प्रश्न सर्वेक्षणात विचारतात, तर अंदाजातही तो रकाना छापा. एवढंच मागणं आहे. ताई, भाच्याला सीएनसी सेटिंग येतं, सोमवारपासून ब्रेकवर आहे. पाठवू का?